तळाचा गुलाबी डाग

८ जानेवारी

प्रिय दादा,

कडं परवा ट्रकमध्ये चढवलं. हमालांनी ते उलटं धरलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, पण पोचेल नीट. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुमच्या तेल टर्मिनलवरचे फोन टेप होतात म्हणे. आणि घरच्या फोनवर मामीला काही ऐकू येत नाही. ती नुसतं ‘हो हो’ म्हणते आणि फोन ठेवल्यावर तुला विचारते, काय म्हणत होती रे ती. तेव्हा आपलं पत्रच बरं.

नमुना म्हणून तू पाइपातल्या गाळाचा डबा पाठवला होतास, तो उघडला. दादा, काय होतं ते? काळं, चिकट, सडक्या अंड्यांच्या वासाचं. त्यात चमचा खोचला तर तो उभा राहिला. प्रयोगशाळेतले दोघं जण बाहेर निघून गेले. मी नाकाला रुमाल बांधून काम उरकलं, दोनदा हात धुतले, आणि जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला. मामी मला लहानपणी नकचढी म्हणायची. तिला सांग, पोरगी अजून सुधारलेली नाही.

आता पुढचं नीट वाच. वाहता पाइप कापून आत बघता येत नाही, म्हणून हे कडं. म्हणजे पाइपाचाच एक तुकडा, आतून गोलाकार सोळा पट्ट्या बसवलेला. एका पट्टीला वीज द्यायची, बाकीच्यांवर काय पोचतं ते मोजायचं. मग दुसरीला द्यायची. तेलातून, पाण्यातून, वायूतून, गाळातून, प्रत्येकातून वेगळं काहीतरी पोचतं. त्या आकड्यांवरून पाइपाची चकती कापल्यासारखं चित्र पडद्यावर येतं. तेल पिवळं, पाणी निळं, वायू पांढरा, गाळ काळा.

फक्त एक गोष्ट. स्वच्छ म्हणजे काय, हे यंत्राला आपणच सांगावं लागतं. खरवडणारा गोळा सोडून पाइप आतून घासून घे, गाळलेलं तेल भर, आणि मग ‘शून्य’ लिहिलेलं बटण दाब. एकदाच. त्या क्षणी आत जे काही असेल ते हे बिचारं यंत्र स्वच्छ समजणार आणि पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघणार. तेव्हा भांडी विसळल्यासारखं करू नकोस, घासल्यासारखं कर.

मामीला नमस्कार. तिच्यासाठी हातमोजे विणायला घेतलेत. पूर्ण होतील असं काही सांगता येत नाही.

तुझी,
नकचढी


६ फेब्रुवारी

चि. नकचढीस,

कडं बसलं आणि काय सांगू, टर्मिनलचा नूरच पालटला. तुझ्या चित्रांसाठी स्वागतकक्षात भला मोठा पडदा लावलाय. पाहुणे आले की आधी तिथे नेतो. पिवळीधमक चकती, वर पांढरा वायूचा पट्टा, मधूनच निळे ठिपके. बघणारा आ वासून बघत राहतो. अध्यक्षसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आमची तेलाची लाइन वर्षभर एकदाही बंद पडलेली नाही, त्याचा फलकही तिथेच लागलाय. टर्मिनल प्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव वर गेलंय, पण अजून कुणाला बोलू नकोस.

पाइप घासण्याचं वगैरे तू सांगितलं होतंस ते उरकलं. त्याची चिंता नको. दर सोमवारी चित्रांची फाइल पाठवत जाईन, म्हणजे तुझ्या सरांनाही दाखवता येतील.

आईला लिहायचं आहे म्हणते, तिला कागद देतो. तिचं फार मनावर घेऊ नकोस.

दादा

नकचढीस आशीर्वाद. हातमोजे राहू देत, इथे थंडी पडतच नाही. मी बरी आहे. फक्त महिनाभर नळाच्या पाण्याला वास येतोय, रॉकेल सांडल्यासारखा. भात शिजवला की भाताला येतो. बाळ टर्मिनलवरून आला की म्हणतो, कॉलनीच्या विहिरीत औषध टाकलंय त्याचा वास असेल. शेजारच्या ड्रायव्हरची बायकोही हेच म्हणत होती. तिची पोर, चिमणी, दिवसभर माझ्याकडेच असते, सगळं घर उलटंपालटं करते. तेवढाच वेळ जातो. तुझी मामी.


९ मार्च

प्रिय दादा,

अभिनंदन, गुपचूप. प्रमुख झालास की तुझ्या खुर्चीत बसून मी एक चहा पिणार, आणि तो मामीने केलेला असणार. मामी, तुझं ते वासाचं वाचून हसू आलं. आपल्या दोघींची नाकं मेल्यावर कुठल्यातरी संग्रहालयात ठेवायला हवीत. पाणी उकळून घेत जा.

आता रडगाणं. तुझी चित्रं सगळ्यांना आवडतात, पण गेल्या तीन फाइलींमध्ये चकतीच्या तळाला एक गुलाबी डाग दिसतोय. हा रंग मी मुद्दाम ठेवला होता, कधीच दिसू नये म्हणून. आकडा अशक्य आला, म्हणजे आतलं तेल स्वच्छ तेलापेक्षाही स्वच्छ आहे असं यंत्र म्हणायला लागलं, तरच तो उमटतो. स्वच्छापेक्षा स्वच्छ असं जगात काही नसतं. म्हणजे माझ्या गणितात कुठेतरी घाण आहे.

सर बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले की बाईंनी पाइपात गुलाबाची लागवड केलेली दिसते. सगळे हसले, मीसुद्धा हसले, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. दोन आठवडे मी माझंच गणित ओळ न ओळ तपासतेय. चूक सापडत नाही. आता तर मला आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याचाही वीट आलाय.

तेव्हा मदत कर. शून्य घेतलंस तेव्हा पाइप खरंच घासलेला होता ना? आणि बटण एकदाच दाबलंस ना? माझ्यासाठी एवढं एकदा नीट आठवून सांग.

नकचढी


२२ मार्च

चि. नकचढीस,

तू उगाच जिवाला लावून घेतेस. लहानपणीही तुझं असंच, एक गणित चुकलं की दिवसभर जेवायची नाहीस. अगं, नवं यंत्र आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. गुलाबी म्हणशील तर अध्यक्षसाहेबांना तो रंग भलताच आवडला. हे काय म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, तेल इतकं शुद्ध आहे की यंत्रही कमी पडतंय. त्यांनी ते पाहुण्यांना चार वेळा ऐकवलं.

पाइप व्यवस्थित होता. बटणाचं मला आता नक्की आठवत नाही, माझी माणसं दाबतात. तू गणितात गुलाबीच्या जागी पिवळा रंग टाक आणि मोकळी हो. तुझ्या सरांचंही तोंड बंद होईल.

आणि एक. हे असले प्रश्न कंपनीच्या पत्त्यावर किंवा मेलवर पाठवू नकोस. लोक राईचा पर्वत करतात. पत्र घरीच पाठव.

दादा

नकचढीस आशीर्वाद. तू वासाला हसलीस, पण आता हसायचं कारण राहिलं नाही. मागचं पत्र तुला टाकलं त्याच आठवड्यात बाळाने माझ्यासाठी पाण्याचे डबे सुरू केले. मोठे असतात, सीलबंद. स्वतः गाडीतून आणतो, अंधार पडल्यावर. कुणी विचारलं तर डॉक्टरने पोटासाठी सांगितलंय असं सांगायचं म्हणतो. माझ्या पोटाला काहीही झालेलं नाही, पण मुलगा एवढी काळजी घेतो तर कशाला वाद घाला. महाग असतात म्हणून माझ्यापुरतेच वापरायचे. चिमणी आली की तिला आपलं नळाचं देते. हल्ली तिच्या अंगावर पुरळ उठलंय, पोटात काही ठरत नाही. मुलांचं चालायचंच. तुझी मामी.


४ एप्रिल

दादा,

आज वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

मामीच्या ओळी दुपारी जेवताना वाचल्या. ताट सारलं आणि उठले. दर सोमवारी तू फाइल पाठवतोस ना, तिच्यात चित्रांच्या मागे मोजलेले कच्चे आकडेही येतात. तुला हे ठाऊक नसणार. मी ते एकदाही उघडले नव्हते, कारण चित्रं सुंदर होती आणि मलाही सुंदर चित्रंच हवी होती. त्याचीही मला लाज वाटते.

कडं इथून निघण्यापूर्वी मी त्यात गाळलेलं तेल भरून माझं स्वतःचं शून्य घेऊन ठेवलं होतं. आज तुझं शून्य काढून टाकलं, माझं घातलं आणि पहिल्या दिवसापासूनची सगळी चित्रं नव्याने काढली. तळाला काळं आहे. पहिल्याच दिवशी काळं आहे. तू पाइप घासलाच नव्हतास. तेव्हा बोटभर होतं, आता पाइपाचा तिसरा हिस्सा गाळाने भरलाय. आणि आकड्यांत नोंद आहे, दर सोमवारी सकाळी, न चुकता, कुणीतरी शून्याचं बटण दाबलंय. आठवडाभर साचलेला गाळ एका दाबात ‘स्वच्छ’ झालाय. मधूनच गाळाचं एखादं ढेकूळ वाहून पुढे गेलं की खाली खरं तेल यायचं. तुझ्या खोट्या स्वच्छापेक्षा ते स्वच्छ, म्हणून ते गुलाबी दिसायचं. माझ्या गणितात काही चुकलं नव्हतं रे. त्या गुलाबी डागाएवढंच तुझ्या पडद्यावर खरं होतं.

आधी वाटलं, तुला समजलंच नसेल. ‘नकळत झालं असेल’ असं पत्र अर्धं लिहिलंही होतं. मग डबे आठवले. ज्याला काही माहीत नाही तो अंधार पडल्यावर आईसाठी पाणी आणत नाही. गाळाखाली खारट पाणी बसतं आणि ते लोखंड खातं, हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. ती लाइन कॉलनीच्या विहिरीला लागून जाते, हेही माहीत आहे. तळाला भोक पडलंय आणि ते विहिरीत झिरपतंय. आणि तू पाणी बदललंस ते एका घरातलं.

मला शिसारी आली दादा. गाळाचा डबा उघडला तेव्हा आली होती, त्याहून जास्त. गाळाला निदान गाळाचा वास येतो. तू मात्र मला ‘जिवाला लावून घेऊ नकोस’ असं लिहीत होतास, आणि मी भिंतीकडे तोंड करून माझ्या चुका शोधत होते.

लाइन बंद कर. हे पत्र मिळेल त्याच दिवशी कर. तू स्वतः केलीस तर मी तुझ्या बाजूला उभी राहीन, चौकशीत काय हवं ते सांगेन. नाही केलीस तर दोन्ही चित्रं घेऊन मी सुरक्षा कार्यालयात जाणार.


११ एप्रिल

चि. नकचढीस,

तुझं पत्र वाचून फाडून टाकलं. तूही हे फाड.

तुला वाटतं तितकं सोपं नाही. गोळा सोडायचा तर लाइन थांबवावी लागते. एकदा थांबली की वर्षभराचा तो फलक खाली, माझं नाव खाली, आणि मग चौकशी, की आजवर का नाही केलं. माझ्या आधीच्यानेही केलं नव्हतं, पण गळ्यात माझ्या येणार. टर्मिनल बंद पडलं तर दोनशे घरांच्या चुली विझतील, त्यात आमच्या शेजारच्या ड्रायव्हरचीही. तेव्हा कुणाची बाजू घेतेस याचा विचार कर.

विहिरीजवळची माती ओली झालीय, हे मी फेब्रुवारीतच पाहिलं, लपवत नाही. पण गळती थोडी आहे, नुसता वास येतो. वास येतो म्हणजे कुणी मरत नाही. दुरुस्तीसाठी ठरलेल्या वार्षिक बंदच्या वेळी तिथे पट्टी मारून घेणार आहे, सगळं डोक्यात आहे. तोवर आईला मी एक थेंब पिऊ दिलेला नाही. मुलाने आणखी काय करायचं असतं?

तू आमच्या घरात वाढलीस. माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठी झालीस. त्या घरातल्या माणसावर तू कागद घेऊन कार्यालयात जाणार असशील तर जा. फक्त आईला यातलं काही कळवू नकोस. तिचं वय झालंय. तिला सहन होणार नाही.

दादा


१६ एप्रिल

ति. मामीस सा. न.

हे पत्र तुझ्याच नावाने, तुझ्याच हातात पडावं म्हणून वेगळं पाठवतेय. अक्षर मोठं काढलंय.

सोबत दोन चित्रं आहेत. दोन्ही तुमच्या घराजवळून जाणाऱ्या पाइपाची, एकाच दिवसाची. पिवळं आहे ते दादा सगळ्यांना दाखवतो. दुसऱ्यात तळाला काळं दिसतंय, ते खरं. त्या काळ्याखाली पाइप सडलाय आणि आतलं विहिरीत उतरतंय. तुझ्या भाताला वास त्याचाच होता. मी त्याला हसले होते, मला माफ कर.

नळाचं पाणी कुणालाही देऊ नकोस, विशेषतः चिमणीला. तिच्या आईला आजच सांग, तिला दवाखान्यात नेऊन हे सगळं डॉक्टरांना सांगायला लाव. दादाला मी आधी सांगितलं होतं. त्याने लाइन बंद केली नाही. आज मी सुरक्षा कार्यालयात कागद देऊन आले. तिथला माणूस चित्र बघून खुर्चीतून उठला.

दादा म्हणतो, तुला कळवू नको. पण तुला कळल्याशिवाय मला घास गिळवत नव्हता. तू मला काय म्हणशील ते म्हण.

तुझी नकचढी


२ मे

नकचढीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर मोठं काढलंस, पण माझे कान गेलेत गं, डोळे नाहीत.

चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि बाळ आला तसं त्याला विचारलं. तो माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, आई, तुला यातलं कळत नाही. मग मी पाण्याच्या डब्यांचं विचारलं. तेव्हा मात्र मोठ्याने बोलायचं विसरला आणि खाली बघून काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

तुझ्या कार्यालयाची माणसं आली, लाइन बंद झाली, विहिरीपाशी खणायला लागले. मी बघायला गेले. बाळ जाऊ नको म्हणत होता. फावडं घातलं की खड्ड्यात काळं पाणी भरायचं. कामावरचा एक दांडगा माणूस कुंपणाशी जाऊन ओकला. पाइप उघडा पडला, तर तळाशी नुसती चाळणी. मी या पाण्याचा भात केला, याने चहा केला. घरी येऊन सगळी भांडी घासली, परत घासली, आणि तरी त्यांतून जेवावंसं वाटेना. नाक मुरडायची खोड तुला लागली कुणापासून हे आता तुला कळलं असेल.

चिमणीला दवाखान्यात ठेवलं होतं, परवा घरी आणली. डॉक्टर म्हणतात सुधारेल, वेळ लागेल. तिची आई दारावरून जाते ती मान फिरवून. तिचं बरोबर आहे. माझ्याजवळ सीलबंद डबा असताना तिच्या पोरीला मी माझ्या हाताने नळाचा पेला भरून देत होते, वर लाडाने पुसायचे, अजून हवं का. या हाताची मला किळस येते. उरलेले डबे तिच्या दारात नेऊन ठेवले. तिने घरात घेतले नाहीत, तिथेच उभे आहेत.

तुझ्यावर रागावले का, तर हो, एक दिवस रागावले. पोटच्या पोराची नोकरी गेली तर कुठल्याही आईला राग येतो. दुसऱ्या दिवशी चिमणीच्या अंगावरचं पुरळ बघितलं आणि तो राग जागच्या जागी निवला.

बाळ आता घरीच असतो. चौकशी चालू आहे. मी त्याला जेवायला वाढते, उपाशी कसा ठेवू. आता कॉलनीत टँकर येतो, पाणी चांगलं असतं. पण नळ बंद केला त्याच्या आधी मी त्याच्या पाण्याची एक बाटली भरून घेतली होती. दोन्ही वेळा त्याचं ताट मांडते आणि ताटाशेजारी त्या पाण्याचा पेला भरून ठेवते. तो हात लावत नाही. जेवण झालं की पेल्यातलं पुन्हा बाटलीत ओतते.

काल घास तोंडाशी नेता नेता थांबला. म्हणाला, “आई, हे उचल इथून. वास येतोय.”

मी म्हटलं, “मला ऐकू आलं नाही.”

तुझी मामी